जुनें धरण : राखावें, बदलावें कीं मोडावें?

घर जुनें झालें म्हणजे घरधन्यापुढें तीन वाटा असतात. डागडुजी करून त्यांतच राहावें, तें पाडून त्याच जागीं नवें बांधावें, किंवा तें सोडून द्यावें. लहान धरणाच्या बाबतींतहि वाटा याच तीन आहेत. भेद इतकाच कीं, घर पडलें तर तें आंतल्यांच्या डोक्यावर पडतें. धरण फुटलें म्हणजे ज्यांनीं तें कधीं पाहिलेंहि नसेल अशांच्या दारांत तें येऊन कोसळतें. म्हणून हा प्रश्न एकट्या इंजिनियरांवर सोंपवून मोकळें होतां येत नाहीं. नळाची तोटी सोडून पाणी घेणाऱ्या सोलापुरांतील प्रत्येक घरानें तो आपला म्हणून समजून घ्यावा, यासाठीं आजचें हें भाषण आहे.

आमच्या जिल्ह्यांतील बहुतेक तळीं हीं पाण्याच्या धास्तींतून जन्मलेलीं आहेत. पाऊस थोडा, आणि जो पडतो तोहि लहरी. बाराव्या शतकांत श्रीसिद्धरामेश्वरांनीं तळें खणविलें, तेव्हांपासून या गांवानें पाणी सांठविण्याचा ध्यास घेतला आहे. इंग्रजी अमदानींत शहराच्या ईशान्येस आदिला नदीवर मातीचा बांध घालून एकरुखचा तलाव करण्यांत आला. लोक त्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतात. १८७१ सालीं तो पुरा झाला. बांधाची लांबी सुमारें सात हजार फूट आणि जेथें तो सर्वांत उंच आहे तेथें उंची पाऊणशें फूट. मोहोळ तालुक्यांतील आष्टीचा तलाव तर १८७६-७७ च्या दुष्काळांत उपाशी माणसांच्या हातांना काम देण्यासाठीं हातीं घेतला गेला. पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९७२ च्या दुष्काळांत, तोच प्रकार पुन्हां घडला. खडी फोडणाऱ्या आणि माती वाहणाऱ्या हजारों स्त्रीपुरुषांनीं ओढ्या-नाल्यांवर पाझर तलाव उभे केले. त्या तलावांचें वय आतां पन्नाशीच्या पलीकडे गेलें आहे. ज्यांच्या घामानें ते उभे राहिले त्यांतील पुष्कळजण आज नाहींत. बांध मात्र उभे आहेत, आणि ते म्हातारे होत आहेत.

मातीच्या धरणाला म्हातारपण येतें म्हणजे काय होतें? त्याचे अवयव मोजके आहेत. मधोमध चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांस भराव, पाण्याच्या बाजूस लाटांचा मार सोसणारें दगडी अस्तर, पाणी सोडण्याची मोरी आणि जास्त झालेलें पाणी वाहून नेणारा सांडवा. अस्तराचे दगड निखळतात आणि लाटा माती खाऊं लागतात. बांधावर बाभळी उगवतात. त्यांचीं मुळें भरावांत खोल शिरतात, आणि झाड वाळलें म्हणजे कुजलेल्या मुळांच्या जागीं पाण्याला आयती वाट मिळते. घुशींचीं बिळें तेंच काम करतात. प्रत्येक मातीचें धरण थोडेंफार पाझरतेंच. त्याचें भय नाहीं. पायथ्याशीं येणारा झिरप जोंवर निवळशंख आहे तोंवर चिंता नको. परंतु तेंच पाणी गढूळ येऊं लागलें तर धरणाच्या पोटांतील माती बाहेर चालली आहे असें समजावें. एवढी ओळख गांवांतील पोरालाहि करून देतां येईल, आणि ती करून दिलीच पाहिजे.

पण सर्वांत मोठा धोका सांडव्याचा असतो. दगडी धरणावरून पाणी गेलें तरी तें एखादे वेळीं टिकून राहतें. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहूं लागलें कीं थोड्याच तासांत सारा खेळ आटोपतो. जुने सांडवे त्या काळीं जेवढा पाऊस ठाऊक होता त्या हिशेबानें बेतलेले. आज एका रात्रींत महिन्याचा पाऊस कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतों. त्यांत भर म्हणून सांडव्याच्या वाटेवर कोणी शेत वाढवितो, कोणी भिंत घालतो. म्हणजे पाणी वाढलें आणि दार अरुंद झालें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. धरण जुनें म्हणजे धोक्याचें आणि नवें म्हणजे निर्धोक, असें आपण सहज धरून चालतों. पुण्याचें पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें तेव्हां तें जुनें नव्हतें. त्याचें काम पुरतें संपलेंहि नव्हतें. २ जुलै २०१९ च्या रात्रीं चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरण फुटून वीसांहून अधिक माणसें गेलीं. तें धरण लहान होतें, आणि त्याचें वयहि जेमतेम दोन दशकांचें. गळतीविषयीं गांवकऱ्यांनीं आधींच तक्रारी केल्या होत्या. उलट दीडशें वर्षांचें एकरुख अजून उभें आहे. तेव्हां धरणाची जन्मतारीख पाहून त्याचा निकाल लावणें बरोबर नव्हे. माझ्या मतें त्याला तीन प्रश्न विचारावे. तूं आज कोणतें काम करतोस? तुझ्या खालीं कोण राहतें? आणि तुझी देखभाल कोण करणार?

एकरुखालाच पहिला प्रश्न विचारूं. उजनीचा एकूण सांठा ११७ अब्ज घनफुटांचा. त्यापुढें एकरुखचे दोन-तीन अब्ज म्हणजे समुद्रापुढें घागर. उजनीचें पाणी आल्यावर या म्हाताऱ्याची गरज काय, असें कोणी म्हणेल. परंतु उजनी शहरापासून दूर आहे, आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक आहेत. जवळचें पाणी थोडें असलें तरी अडीअडचणीला तेंच धांवून येतें. शहराच्या पाण्यांत हिप्परग्याचा वांटा आजहि आहे. शिवाय उजनीचें पाणी याच तलावांत आणून तेथून दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोट तालुक्यांकडे उचलून नेण्याची उपसा सिंचन योजना झाली आहे. म्हणजे ज्याला निवृत्त करावयाचें त्याच्याच खांद्यावर नवें ओझें आलें. हिवाळ्यांत तेथें उतरणारे दूरदेशींचे पक्षी हा तर आपल्याला न मागतां मिळालेला नफा आहे. असें धरण मोडण्याचा विचारहि करूं नये. अस्तर, मोऱ्या, सांडवा यांची वेळच्या वेळीं दुरुस्ती करून तें राखणें हाच शहाणपणा.

मात्र दुसरा प्रश्न विचारतांच आपल्याला मान खालीं घालावी लागते. एकरुख बांधला तेव्हां आदिलेच्या कांठीं शेतें होतीं. आज तेथें आपल्या नव्या वसाहती आहेत. तलाव भरून सांडवा वाहूं लागला म्हणजे त्या वस्त्यांतून रात्र जागून काढण्याची पाळी येते. धरण होतें तेथेंच आहे. त्याच्या वाटेंत आपण जाऊन बसलों. नदीचें पात्र मोकळें ठेवणें हीहि धरणाचीच दुरुस्ती आहे, आणि ती शहरांतल्या माणसांनीं करावयाची आहे.

आतां बदलण्याची वाट. सीना आणि भीमा या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे पुष्कळ बंधारे आहेत. दगडी खांबांच्या खांचांत फळ्या बसवून पावसाळ्याच्या अखेरीस पाणी अडवावयाचें आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वीं त्या काढून पात्र मोकळें करावयाचें, अशी त्यांची साधी युक्ति. ती स्वस्त आहे, म्हणून पसरली. पण तिचा सारा भार वेळेवर हलणाऱ्या हातांवर आहे. फळ्या गळतात, गहाळ होतात; आणि काढावयाच्या राहिल्या असतां पूर आला तर अडलेलें पाणी बंधारा सोडून बाजूचा कांठ फोडतें आणि एखाद्याचें शेत घेऊन जातें. सप्टेंबर २०२५ मध्यें सीनेला जो महापूर आला, ज्यानें सोलापूर-पुणें हमरस्ताहि लांबोटीजवळ अडविला, तो पाहिल्यावर फळ्यांच्या भरंवशावर नदी सोंपविणें किती अवघड आहे हें कोणीहि ओळखील. लातूर जिल्ह्यांत मांजरेवर अशा बंधाऱ्यांच्या जागीं उभीं उचलतां येणारीं पोलादी दारें असलेले बराज झाले आहेत. जेथें पाणी हवेंच आहे आणि पूरहि ठरलेला आहे, तेथें हा खर्च करण्याजोगा आहे. परंतु पोलादी दारालाहि तेलपाणी लागतें, रंग लागतो, वीज लागते आणि पावसाळ्याच्या रात्रीं जागणारा माणूस लागतो. जो बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर काढीत नाहीं, तो बराजाचीं दारें वेळेवर उचलील याची हमी काय? नवें बांधकाम विकत मिळतें. दक्षता विकत मिळत नाहीं.

राहिली मोडण्याची वाट. अमेरिकेंत वॉशिंग्टन संस्थानांतील एल्वा नदीवरचीं दोन जुनीं धरणें २०११ ते २०१४ या काळांत मुद्दाम पाडण्यांत आलीं. त्यांनीं साल्मन माशांची वाट शंभर वर्षें अडविली होती, आणि त्यांपासून मिळणाऱ्या विजेची किंमत त्यापुढें थोडी होती. तो निर्णय तेथें योग्यच ठरला. पण ती नदी बारमाही. आमचे ओढे चार महिने वाहतात आणि आठ महिने वाळूचे पट्टे होऊन पडतात. येथें बांध मोडला तर नदी परत येत नाहीं. खालच्या विहिरी मात्र आटतात. म्हणून परदेशचें अनुकरण आंधळेपणानें करूं नये.

तरीहि मी म्हणतों कीं कांहीं पाझर तलाव मोडलेच पाहिजेत. जो गाळानें निम्मा भरला आहे, ज्याच्या पायथ्याशीं गढूळ पाणी येतें, ज्याच्या खालच्या विहिरींना आतां कालव्याचा आधार मिळाला आहे, आणि ज्याच्या ओढ्याच्या कांठीं वस्ती वाढली आहे, त्या तलावाचा लाभ संपला असून भय तेवढें उरलें आहे. अशा ठिकाणीं उन्हाळ्यांत, तलाव कोरडा असतांना, आधीं गाळ उपसून शेतकऱ्यांच्या शेतांत घालावा. २०१७ पासून सरकारनें चालविलेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना याच विचाराची. मग बांधाला मोजून मापून रुंद खिंड पाडावी, तिच्या बाजू दगडांनीं बांधून काढाव्या आणि ओढ्याला वाट द्यावी. कधीं संबंध बांध मोडण्याचीहि गरज नसते. सांडव्याची पातळी कांहीं फूट खालीं आणली तरी सांठा कमी होतो, भय कमी होतें आणि विहिरींना थोडा पाझर राहतो.

यांत न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे. तलावाचा लाभ ज्याला विहीर आणि शेत आहे त्याला मिळतो. ओढ्याच्या कांठीं पालें आणि झोंपड्या असतात त्या मात्र बहुधा ज्याला विहीरहि नाहीं आणि शेतहि नाहीं त्याच्या. एकाचें पाणी दुसऱ्याच्या जिवावर सांठवावयाचें नाहीं. आणि दुसऱ्याला निर्धास्त करतांना पहिल्याची बाग वाळूं द्यावयाची नाहीं. म्हणून निर्णय कचेरींत बसून लिहिला जाऊं नये. ग्रामसभेंत दोघांनाहि बोलावून, विहिरींची पातळी आणि घरांची संख्या दोन्हीं समोर मांडून तो व्हावा. ज्याचें नुकसान होईल त्याला बांध मोडण्यापूर्वीं भरपाई मिळावी, मोडल्यानंतर नव्हे.

तिसरा प्रश्न देखभालीचा. २०२१ च्या धरण सुरक्षितता कायद्यानें मोठ्या धरणांची तपासणी बंधनकारक केली आहे. पण तो कायदा मुख्यतः पंधरा मीटरांहून उंच धरणांचा, आणि कांहीं अटींवर दहा ते पंधरा मीटरांमधल्यांचा. पाझर तलाव बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. लहान तळीं जिल्हा परिषदेकडे. तेथें पैसा थोडा आणि तळीं फार. अशा वेळीं निदान एक वही तरी असावी. प्रत्येक तलावाची पावसाळ्यापूर्वीं एक आणि नंतर एक अशा दोन नोंदी त्या वहींत व्हाव्या. झिरप कसा, सांडवा मोकळा कीं नाहीं, झाडें काढलीं कीं नाहीं. ही वही भरणारा माणूस ज्या गांवाला मिळत नाहीं, त्या गांवाला धरण ठेवण्याचा अधिकार आहे काय, याचा विचार त्या गांवानेंच करावा.

श्रोतेहो, राखणें, बदलणें आणि मोडणें या तीन वाटा मी सांगितल्या. व्यवहारांत मात्र बहुतेक वेळीं चौथीच वाट धरली जाते, ती म्हणजे कांहींच न ठरविणें. अहवाल येतो, त्यावर शेरा पडतो, पावसाळा कोरडा जातो आणि कागद बांधून ठेवले जातात. पण धरण कोणाच्या शेऱ्याची वाट पाहत नाहीं. आपण उन्हाळ्यांत, शुद्धीवर असतांना, चार माणसांना विचारून निर्णय घेतला नाहीं, तर तो निर्णय पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीं पाणीच घेतें. आणि तें कोणाला विचारीत नाहीं.