मुक्कामाची मुदत
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



ज्या घरातले एकही लेकरू परदेशी नाही असे घर आज आपल्या मंडळात क्वचितच सापडेल. लेकीचे किंवा सुनेचे बाळंतपण आले, की आपण डिंकाचे लाडू आणि मेतकूट बांधून अमेरिकेला निघतो. म्हणून तिकडच्या मुक्कामाच्या मुदतीविषयी चार शब्द बोलावेत असे मी ठरविले. मी वकील नाही. तीन वेळा जाऊन आलेली एक आजी आहे.

पहिली गोष्ट अशी, की पासपोर्टावरचा व्हिसा म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीतून आपल्याला बहुधा १० वर्षांचा व्हिसा मिळतो, आणि आता १० वर्षे काळजी नाही असे वाटते. पण व्हिसा आपल्याला दारापर्यंत नेतो एवढेच. आत किती दिवस राहावयाचे ते विमानतळावरील अधिकारी ठरवितो. बहुधा ६ महिने मिळतात. ती तारीख ‘आय-९४’ नावाच्या नोंदीत असते. पूर्वी तिचा कागद पासपोर्टात लावून मिळे. विमानाने येणाऱ्यांसाठी २०१३ पासून ती संगणकावर असते. पोचल्यावर मुलाकडून ती काढून घ्यावी आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर तांबड्या शाईने खूण करावी. पासपोर्टाची मुदत संपत आली असेल, तर कधी कधी मुक्कामही तेवढाच मिळतो. निघण्यापूर्वी तेही पाहावे.

आता मोहाचा प्रसंग. बाळ नुकतेच ओळखू लागलेले असते, सूनबाईंना कामावर रुजू व्हावयाचे असते, पाळणाघर महाग असते. मुलगा म्हणतो, “आई, आणखी दोन महिने राहा ना, कोण विचारतो?” आणि खरेच, त्या वेळी कोणीही विचारीत नाही. विचारतात ते पुढच्या खेपेस.

मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिले, तरी तो १० वर्षांचा व्हिसा निकामी होतो. नवा काढावयाचा तर आपल्या देशात येऊन. शिवाय १९९६ साली झालेला आणि १ एप्रिल १९९७ पासून लागू असलेला एक कायदा आहे. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून अधिक, पण वर्षाच्या आत राहून निघाल्यास ३ वर्षे प्रवेशबंदी. वर्षभर किंवा त्याहून अधिक राहिल्यास १० वर्षे. ही वर्षे तिथून निघाल्या दिवसापासून मोजतात.

माझ्या ओळखीच्या एक बाई नातवाच्या मायेने अशाच ८ महिने जास्त राहिल्या. त्या बंदीच्या काळातच, तिकडेच असलेल्या त्यांच्या धाकट्या लेकीचे पहिले बाळंतपण आले आणि पार पडले. बारशाचा पाळणा त्यांनी म्हटला, तो फोनवरून.

पुष्कळजणींना वाटते, मुलगा तिकडचा नागरिक आहे, तो सोडवील. कायमचे राहावयास जाण्यासाठी ही बंदी माफ होऊ शकते खरी. पण त्यासाठी आपला नवरा किंवा आपले आईवडील तिकडचे नागरिक वा कायमचे रहिवासी असावे लागतात, आणि आपल्यावाचून त्यांचे फार हाल होतील हे दाखवावे लागते. मुलाच्या नात्यावर ही माफी मिळत नाही. पाहुणी म्हणून जावयाचे तर वेगळी सूट मागता येते. ती देणे न देणे अधिकाऱ्यांच्या हाती.

मग खरीच अडचण आली तर काय करावे? २०२० च्या मार्चमध्ये मी लेकीकडे होते. विमाने बंद झाली आणि माझी मुदत तर मे महिन्यात संपत होती. “साऱ्या जगाचेच अडले आहे, सरकार समजून घेईल,” असे सगळे म्हणत. जावईबापूंनी मात्र मुदत संपण्यापूर्वीच ‘आय-५३९’ हा मुदतवाढीचा अर्ज केला, कारण लिहिले, फी भरली आणि पोच जपून ठेविली. वेळेत केलेल्या अर्जाचा निकाल लागेपर्यंतचे दिवस बंदीच्या हिशेबात धरीत नाहीत. नकार आला, तर मात्र लगेच निघावे. तिकडचे खाते ४५ दिवस आधी अर्ज करण्यास सुचविते. ऑगस्टमध्ये मी ‘वंदे भारत’च्या विमानाने परतले. २०२३ साली पुन्हा गेले, तेव्हा अधिकाऱ्याने विचारले, मी पोच दाखविली, आणि त्याने मला आत सोडले.

आणखी दोन गोष्टी. तिकडून निघताना पासपोर्टावर शिक्का मारीत नाहीत. म्हणून बोर्डिंग पास जपावा, वेळेवर निघाल्याचा तो एक पुरावा. आणि मुदत चुकली असेलच, तर पुढच्या अर्जात लपवू नये. तो प्रश्न अर्जात स्पष्ट विचारलेला असतो, आणि खोटे उत्तर उघडकीस आले, तर जन्माची बंदी येऊ शकते. अशा वेळी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

भगिनींनो, माहेरवाशीण कितीही लाडकी असली, तरी ठरल्या दिवशी आपण तिची ओटी भरून पाठवणी करतो. म्हणूनच पुढच्या सणाला तिला पुन्हा मागता येते. आजीच्या मुक्कामाचेही तसेच आहे. नातवंडाने रडून पदर धरला, तरी दिवस भरला की निघावे. त्याच्या मुंजीला आणि लग्नाला आपल्याला पुन्हा जावयाचे आहे.