वर्गाची सामाईक वही
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असा आपण आग्रह केलात. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझी मुलगी नववीत आहे आणि तिच्या वर्गात निबंध व गटाचे प्रकल्प गूगल डॉक्सवर लिहवून घेतात. ते मी शेजारी बसून पाहते, म्हणून त्याविषयीच बोलते.

गूगलने हे साधन २००६ साली सुरू केले. ही एक वहीच समजा. मात्र ती दप्तरात नसून इंटरनेटवर असते. चार मुली चार घरी बसून एकाच पानावर लिहू शकतात. कोण कुठे लिहिते आहे ते नावासकट दिसते. लिहिलेले आपोआप जपले जाते. बाई कडेला सूचना लिहितात. मुलगी ती वाचते आणि आपले वाक्य आपणच सुधारते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यातला इतिहास. कोणाच्या खात्यावरून काय लिहिले, काय खोडले, केव्हा, याची नोंद राहते. काम एकीने करावे आणि शाबासकी सगळ्यांनी घ्यावी, हे आपल्याला स्वयंपाकघरातून चांगले ठाऊक आहे! इथे राबणारीचा हात दिसतो. तसाच कुठून तरी उचलून आयता डकवलेला निबंधही ओळखू येतो. म्हणून आयांनी लिहून देऊ नये; मुलींना चुकत चुकत लिहू द्यावे.

पण एक गोष्ट मनाला लागते. पुष्कळ घरी चांगला फोन एकच, आणि तो यजमानांबरोबर कामावर जातो. रात्री घरी आला की आधी भावाच्या हाती. मग त्या मुलीच्या नावापुढे पान कोरेच राहते. पाहणाऱ्याला तिचा आळस दिसतो, अडचण दिसत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळाच्या हिशेबाचा संगणक दुपारी बंदच असतो. भजनाचा वार सोडून रोज चार ते सहा तो मुलींसाठी खुला ठेवावा. आपण आळीपाळीने तिथे बसावे, आणि प्रत्येक मुलगी उठताना आपल्या खात्यातून बाहेर पडली की नाही एवढे पाहावे. त्याला इंग्रजी यावे लागत नाही. सोमवारी माझे नाव लिहावे. बाकीचे वार आपण वाटून घ्यावेत.