डाखाऐवजी टाका
(मंडळाच्या व्याख्यानात केलेले भाषण)



आम्ही बडोद्यातल्या सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळणारी माणसे. सुट्टीच्या दिवशी आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आम्ही कपड्यावरचे सर्किट शिकवतो. त्याबद्दल आज बोलायचे आहे आणि शेवटी आपल्याकडे एक मागणेही आहे.

सर्किट म्हटले की बोर्ड, तारा आणि डाख आठवतो. इथे डाखाऐवजी टाका. तारेच्या जागी वीजवाहक दोरा, स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा किंवा चांदीचा मुलामा दिलेला. तो सुईत ओवता येतो. 3 व्होल्टचा बटण सेल, त्याचा होल्डर, दोन-चार एलईडी आणि स्विच म्हणून एक टिचबटण, एवढ्यावर पहिला धडा होतो. एलईडीचा लांब पाय धन, तो पक्कडीने गोल वळवायचा; आखूड पाय ऋण, तो चौकोनी. मग शिवताना घोटाळा होत नाही.

अमेरिकेतल्या लिया ब्यूकली यांनी कपड्यावर शिवता येणारे लिलीपॅड नावाचे बोर्ड तयार केले. ते 2007 मध्ये बाजारात आले. आता तयार संचही मिळतात. छापील रेषेवर शिवत जा, दिवा लागतो. पण तो का लागला हे मुलांना सांगता येत नाही. म्हणून आम्ही संचाने सुरुवात करत नाही. कोऱ्या कागदाने करतो.

कागदावर टोपीचा किंवा पिशवीचा आकार काढायचा. धन रेघ लाल, ऋण रेघ काळी. त्या एकमेकींना छेदता कामा नयेत, कारण तारेला प्लास्टिकचे आवरण असते, हा दोरा उघडा असतो. दोन दोरे टेकले की शॉर्ट सर्किट. कापडाला घडी कुठे पडेल, तेही कागदावरच ठरवावे लागते.

दिवे कसे जोडायचे, हे आपल्या मांडवातल्या जुन्या माळांनी शिकवले आहे. एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. ती एकसर जोडणी. कपड्यावर 3 व्होल्टमध्ये दिवे समांतरच जोडावे लागतात आणि शक्यतो एकाच रंगाचे. लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट पुरतात, निळ्याला 3 च्या आसपास लागतात. दोन्ही शेजारी लावले तर लालच उजळतो. दोऱ्याचा रोध तांब्याच्या तारेपेक्षा पुष्कळ जास्त, म्हणून लांबचा दिवा मंद पडतो. हे सूत्र पाठ करून कळत नाही. स्वतःच्या टोपीवर दिसले की कळते.

दिवा लागला नाही की मुले मल्टिमीटर घेऊन टाका-टाका तपासतात. दोष बहुधा शिवणातच सापडतो. धावदोरा सैल, गाठ सुटलेली, मागच्या बाजूला दोऱ्याची टोके लोंबणारी. इथे आमची पदविका थांबते आणि घरातली आजी पुढे येते. ताण किती ठेवावा, गाठ कशी बसवावी, हे तिला ठाऊक असते. ते ज्ञान अभियांत्रिकीचेच आहे. त्याला तसे कोणी म्हटले नाही, एवढेच. मुलगे सुई धरायला लाजतात, मुली मीटरला बिचकतात. या वर्गात दोन्ही हातात घ्यावे लागते.

आपल्या शहराला हे नवे नसावे. 1890 मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले, प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, विणकाम आणि यंत्रविद्या एकाच छपराखाली शिकवली जाई. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी.

एक सावधगिरी. बटण सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. स्क्रूने बंद होणारा होल्डरच वापरा. संशय आला तरी थेट इस्पितळ गाठा. कपडा धुण्यापूर्वी सेल काढा.

आता मागणे. ज्यांच्या हाती शिवणकला आहे त्या काकू-आजींनी महिन्यातून दोन तास आम्हाला द्यावेत. आणि पालकांनो, पहिला दिवा लागला नाही तर तो तुम्ही दुरुस्त करून देऊ नका. मीटर मुलांच्या हाती द्या आणि शेजारी बसा. चौसष्ट कलांच्या अधिपतीच्या मांडवात एवढे मागायला हरकत नसावी.

गणपती बाप्पा मोरया!