गडग्यापलीकडचा फणस

गेल्या महिन्यात दोन गटांकडून एकच प्रश्न आला. शेजाऱ्याचं झाड वाऱ्याने आपल्या परसात पडलं, तर ते तोडायचं कोणी, लाकूड कोणाचं आणि मजुरी कोणी द्यायची? पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा हे आताच बोललेलं बरं. आमच्या परसबागेत असंच एक झाड पडलं होतं. त्यात आम्ही जे बरोबर केलं ते सांगतो आणि जे चुकलं तेही सांगतो.

आम्ही दहा जणी दापोली तालुक्यातल्या, समुद्रापासून थोड्या आत असलेल्या एका वाडीतल्या. आमच्यातल्या एकीच्या सासऱ्यांनी घरामागची तीन गुंठे जागा गटाला वापरायला दिली आहे. तिथे आम्ही भाजी लावतो आणि पावसाळ्यापूर्वी पिशव्यांत रोपं करून विकतो. गडग्याच्या पलीकडे शेजारच्या वहिनींचं परसू, आणि त्यांच्या परसात गडग्याला लागून बरक्या फणसाचं जुनं झाड. त्याची सावली आमच्या वांग्यांवर यायची, पालापाचोळा आमच्या वाफ्यात पडायचा. यावरून गडग्याच्या दोन्ही बाजूंनी बोलाचाली झाल्या होत्या, ते लपवत नाही.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, पण दापोली-मंडणगडलाही त्याने सोडलं नाही. कौलं पत्त्यासारखी उडत होती. दुपारी कधीतरी मोठा आवाज झाला, पण बाहेर जाऊन बघायची कोणाची छाती झाली नाही. वारा पडल्यावर मागच्या दाराशी गेलो, तर परसबाग दिसेचना. नुसता फणसच फणस. गडगा चार-पाच हात लांब ढासळलेला, आठ पोफळी मोडलेल्या आणि आमची रोपं त्या फांद्यांखाली. मृगावर विकायची रोपं होती ती. वर्षाची निम्मी मिळकत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही कोयत्या घेऊन निघालो. गटातल्या थोरल्या काकींनी दारातच अडवलं. म्हणाल्या, "आधी तार बघा." आणि खरंच, फणसाच्या शेंड्यात विजेची तार गुंतलेली होती. गावात वीज नव्हती, पण तार मेलेली आहे असं धरून चालू नये. लाइन कधी सुरू होईल सांगता येत नाही, आणि कोणी घरात जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडला असेल तर बंद लाइनीतही करंट उलटा येतो. वायरमन येऊन तार काढून जाईपर्यंत आम्ही शेंड्याकडे फिरकलो नाही. बुंध्याकडच्या बाजूची रोपं सोडवायला मात्र लागलो.

तिथे पहिली चूक झाली. एक फांदी जमिनीत टेकून धनुष्यासारखी वाकली होती. आमच्यातल्या एकीने तिच्यावर वरून कोयती घातली. दुसऱ्याच घावाला फांदी सटकन उसळली आणि तिच्या दंडाला लागली. हाड वाचलं, पण पंधरा दिवस हात गळ्यात होता. तेच तोंडावर बसतं तर? पुढे कटरवाल्याने आम्हाला समजावलं. वाकलेल्या फांदीची आतली बाजू दाबलेली असते आणि बाहेरची ताणलेली. आधी दाबलेल्या बाजूला थोडा छेद द्यायचा, मग ताणलेली बाजू हळूहळू, थोडी थोडी कापायची. फांदी जिकडे उसळेल तिकडे कोणी उभं राहायचं नाही. आणि ज्या फांद्यांवर खोड तोललेलं आहे, त्या सगळ्यांत शेवटी. त्या आधी तोडल्या तर खोड लोळतं.

आम्ही फांद्या तोडतोय हे बघून वहिनी आल्या. त्यांचे यजमान मुंबईला, टाळेबंदीत अडकलेले. वादळाने टॉवर पडल्यामुळे फोन लागत नव्हता. घरात त्या आणि दोन लहान मुलं. म्हणाल्या, "ह्यांना विचारल्याशिवाय झाडाला हात लावू नका." आमच्यातल्या एकीचा तोल सुटला. "झाड तुमचं, तर उचला मग तुम्हीच! आणि आमच्या रोपांचे पैसे कोण देणार?" वहिनी काही न बोलता घरात गेल्या. आम्हाला तेव्हा वाटलं, बरं झालं, एकदा सुनावलं.

संध्याकाळी काकी मुळाशी जाऊन उभ्या राहिल्या. झाड मुळासकट उपटलं होतं. मातीचा आणि मुळांचा गड्डा पुरुषभर उंच, भिंतीसारखा उभा, आणि मागे खोल खड्डा. ताजी तुटलेली मुळं नारिंगी-पिवळी, सालपटं फाटलेली. पण पश्चिमेच्या बाजूला तीन-चार जाड मुळं सरळ कापलेली होती. टोकं काळी पडलेली. म्हणजे ती वादळाने तुटली नव्हती.

ती आम्ही तोडली होती. दीड वर्षापूर्वी विहिरीवरून परसबागेत पाणी आणायचं होतं. वहिनींनी त्यांच्या परसातून पाइप नेऊ दिला होता, फुकट. चर खणताना फणसाची मुळं आडवी आली, ती आम्ही कुऱ्हाडीने तोडली आणि पाइप सरळ नेला. वळसा घेतला असता तर चाळीस फूट पाइप जास्त लागला असता, म्हणून. झाड वाऱ्यात उभं राहतं ते वाऱ्याच्या बाजूच्या मुळांनी धरून ठेवल्यामुळे, आणि त्या दिवशी वारा समुद्राकडून होता. नेमकी तीच मुळं आम्ही कापली होती. मुळं शाबूत असती तर झाड पडलंच नसतं, असं छातीठोक कोणी सांगू शकणार नाही. त्या दिवशी धड मुळांची झाडंही पडली. पण "झाड तुमचं, पैसे द्या" हे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार होतो?

त्या रात्री गटाची बैठक दिव्याच्या उजेडात झाली. हे वहिनींना सांगायचं की नाही? दोघी म्हणाल्या, कशाला सांगायचं, त्यांना कुठे कळणार आहे. त्यांचंही एका अर्थी खरं होतं, गटाच्या खात्यात फार पैसे नव्हते. शेवटी काकी म्हणाल्या, "उद्या वटपौर्णिमा आहे. त्या बाईच्या दारात मी वाण घेऊन जाणार. खोटं पोटात ठेवून मला जाता येणार नाही." मग विषय संपला.

5 जूनला वटपौर्णिमा. वडाच्या वाटेवरच झाडं आडवी, वर कोरोनाची भीती. प्रत्येकीने घरीच पूजा केली. वाणाला करवंदं कुठून आणायची? पडलेल्या फणसातले दोन पिकले होते, त्यांचेच गरे काढले. त्यांच्याच झाडाचे गरे घेऊन आम्ही तिघी त्यांच्या दारात गेलो आणि मुळांचं सगळं सांगितलं. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "चर खणताना मी पण तिथेच उभी होते. मला तरी कुठे कळलं?" त्यांनी आम्हाला चहा दिला. मन लगेच निवळलं असं नाही, पण बोलणं सुरू झालं.

दोन दिवसांनी टेकडीवर जाऊन त्यांचा मुंबईला फोन लागला, आणि आम्ही एक साधा कागद केला. गटाच्या वहीतच लिहिला, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या. खोड ज्यांच्या हद्दीत उभं होतं त्यांचं लाकूड, म्हणजे वहिनींचं. फांद्यांचं सरपण गटाला. कटरवाल्याची मजुरी निम्मी निम्मी. गडगा आम्ही बांधायचा. रोपांचे पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. मैत्रिणींनो, लिहून ठेवा. दोन ओळी का असेनात. महिन्याने लाकडाचा भाव कळला की तोंडी बोलण्याचा प्रत्येकाला वेगळा अर्थ आठवतो.

सरकारी कामाचं थोडक्यात. पंचनामा होईपर्यंत झाड हलवू नका. हलवावंच लागलं तर आधी चारी बाजूंनी फोटो काढा, त्यात घर किंवा गडगा दिसू दे. पंचनाम्यात नाव लागतं ते सातबाऱ्यावरच्या माणसाचं, बाग करणाऱ्या बायांचं नाही. त्या वादळानंतर फळबागांना हेक्टरी 50 हजार रुपये मदत जाहीर झाली होती. हेक्टरात गुंठे जवळपास शंभर, म्हणजे आमच्या तीन गुंठ्यांना त्या दराने साधारण दीड हजार. म्हणून मदतीच्या आशेवर काम अडवून ठेवू नये, पण पंचनामा सोडूही नये. आणि फणस, आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. पडलेलं झाड असलं तरी तोडण्याआधी वनखात्याच्या माणसाला विचारा, आणि लाकूड गाडीत घालून गावाबाहेर न्यायचं तर वाहतुकीचा परवाना घ्या. रस्त्यात गाडी अडली की लाकूडही जातं आणि दिवसही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे ऐकताना हातातलं काम जरा बाजूला ठेवा.

कटरवाला आला त्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. खोड बुंध्यापासून दोन हातांवर कापायचं ठरलं. मशीन सुरू झालं, सगळ्या जणी लांब उभ्या राहिलो, पदर खोचलेले. आम्हाला वाटलं, सगळी काळजी घेतली. निम्मं खोड कापून झालं होतं तेवढ्यात काकी ओरडल्या, "पोरं कुठायत?" मशीनच्या आवाजात कटरवाल्याला ऐकू जाईना. काकींनी पुढून जाऊन दोन्ही हात हलवले तेव्हा त्याने ते बंद केलं. वहिनींची दोन्ही मुलं त्या मुळांच्या गड्ड्यामागे, खड्ड्यात बसली होती. वर मुळांचं छप्पर, पाऊस लागत नव्हता, सोबत शेळीचं करडू. घर-घर खेळत होती. वहिनींनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं, करडूही काढलं. मशीन पुन्हा सुरू झालं. पाच मिनिटंही झाली नसतील. खोड सुटलं आणि तो एवढा मोठा गड्डा आपोआप मागे झुकला आणि धप्पकन खड्ड्यात बसला. खड्डा बुजला. जमीन पायाखाली हादरली. कोणी काही बोललं नाही. वहिनी तिथेच खाली बसल्या.

असं का होतं? पडलेल्या झाडाचं खोड आपल्या वजनाने मुळांचा गड्डा उचलून धरतं. खोड कापलं की ते वजन जातं आणि गड्डा परत आपल्या जागी बसतो. कधी सावकाश, कधी क्षणात. कधी बुंधा झाडासारखा उभासुद्धा राहतो. म्हणून तोडायच्या आधी खड्ड्यात आणि गड्ड्यामागे कोण आहे ते स्वतः जाऊन बघायचं. मुलं, कोंबड्या, शेळ्या, सगळं. काम चालू असताना एका बाईने फक्त मुलांकडे लक्ष द्यायचं, तिला दुसरं काम सांगायचं नाही. आमच्याकडे ते काम कोणालाच सांगितलेलं नव्हतं, काकींनी आपणहून केलं. खोडही इतकं बुंध्याजवळ कापायला नको होतं. तीन-चार हात लांब ठेवलं असतं तर गड्डा एवढ्या जोरात फिरला नसता.

बाकीचं काम मग सोपं गेलं. मोडलेल्या पोफळींचे गोल ओंडके खाली सरकवून त्यांवरून फणसाचं खोड लोटत गडग्यापार नेलं. दोराला सहा जणी, मागून पहारीला दोघी. फणसाचा चीक हाताला आणि कोयतीला इतका धरतो की काही विचारू नका, आधी खोबरेल तेल चोळून घ्यावं. कोवळे फणस वाडीत वाटले, चार दिवस घरोघरी भाजी होती. पिकलेल्यांची पोळी घालायला ऊनच नव्हतं, ते खाऊन संपवले. आठळ्या धुऊन, राखेत घोळून ठेवल्या, त्या श्रावणापर्यंत पुरल्या. रोपांपैकी निम्मी वाचली, ती विकली. वहिनींनी लाकडाची दोन दारं करून घेतली.

परत बसलेला तो बुंधा पुढच्या वर्षी फुटला. आता त्याला मनगटाएवढे तीन धुमारे आहेत. आमचा पाइप आम्ही तिथून काढला आणि झाडाच्या विस्ताराबाहेरून, वळसा घालून नेला. चाळीस फूट जास्त लागला. पैसे गटाच्या खात्यातून दिले आणि वहीत खर्चाच्या रकान्यात लिहिलं, "फणसाकरिता". ऑडिटला आलेल्या ताईंनी विचारलं, हा कसला खर्च? काकी म्हणाल्या, "बसा, सांगते."