पोट लहान झालं, भूक?

आमच्या महाडात माणूस बारीक झाला की विचारतात, 'आजारी होतास काय रे?' आणि जाड झाला की, 'कुवेत मानवलं हो!' माझ्या धाकट्या मावसभावाने दोन्ही ऐकलं. मधल्या काळात त्याने मुंबईला जाऊन जठर लहान करण्याची, म्हणजे बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली होती. १३० किलोचा माणूस दीड वर्षात ८२ वर आला. तिसऱ्या वर्षी काटा परत चढू लागला. मग काय! 'एवढा पैसा ओतला, पण जिभेला लगाम नाही,' असं लोक तोंडावर बोलले. रमजानमध्ये चारचौघांत इफ्तारीला बसणंच त्याने सोडलं. थट्टेत मीही काहीतरी बोलून गेलो होतो. ते अजून सलतं.

२०११ साली नितीन गडकरींनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा तिचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावर पडलं. तिच्या 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. भुकेची वर्दी मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं. त्यामुळे सुरुवातीला भूक खरोखरच मंदावते. पण मेंदू हा जुना कारकून. आधीचं वजन त्याच्या वहीत असतं. चरबी घटली की लेप्टिन हे दुसरं संप्रेरक घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला! तो भूक वाढवतो, शरीराचा खर्च आखडतो. काही किलो परत येणं पुष्कळांच्या नशिबी असतं. त्यात हावरटपणा कुठे आला?

पोलादपूरकडे मोळी घेऊन चढण चढलेली बाई आधी पाणी मागते, भाकरी मागाहून. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. २०२२ साली 'नेचर' नियतकालिकात याच्या जवळचं एक संशोधन आलं. धापा लागेपर्यंत मेहनत केली की स्नायूंतलं लॅक्टेट रक्तात उतरतं, त्यापासून लॅक-फे नावाचं रसायन बनतं. ते टोचल्यावर लठ्ठ उंदरांचं खाणं कमी झालं. माणसांच्या रक्तातही वेगाने धावल्यावर ते सर्वांत जास्त वाढलं. मेंदूतल्या भूक चेतवणाऱ्या पेशींना ते गप्प करतं, असं २०२५ मध्ये दिसलं. अर्थात तेही उंदरांत. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं वजन एवढ्याने रोखलं जाईल, असं कुणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. मात्र मेहनतीने स्नायू टिकतात, आणि उतरलेलं वजन राखायला त्यांची मदत होते.

भाऊ आता डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा रायगड चढतो. रोपवे १९९६ पासून आहे. तो तिकडे बघत नाही. पायऱ्या चौदाशेच्या वर. थोड्या झपाझप चढायच्या, थांबायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा. वजन सध्या ९१ आहे. मागच्या रविवारी हौसेने मीही गेलो. खुबलढा बुरुजाशीच माझा भाता फुलला.

"भाई, बसायचं का जरा?" त्याने विचारलं. माझ्या पोटाकडे मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही.