जवाच्या पाच भाकरी



आज सकाळी गडहिंग्लजच्या बाजाराच्या बाजूने आलो. एका दुकानासमोर मिरचीची पोती उतरत होती. हमाल कानडीत काही सांगत होता, अडत्या मराठीत उत्तर देत होता आणि दोघांचं नीट जमत होतं. भाषांतर म्हणजे काय हे गडहिंग्लजच्या माणसाला कुणी शिकवायला नको, ते इथल्या रोजच्या व्यवहारात आहे. म्हणूनच पुष्कळ दिवस मनात असलेला विषय मी आज या अध्यक्षपदावरून मांडणार आहे.

मराठीत बायबलची कथा येऊन चारशे वर्षं झाली. बायबलचा अभ्यास मात्र अजून मराठी वाचकाच्या हाती आलेला नाही. पुढे ग्रंथही आला, पण त्याच्याबद्दल विद्वानांनी दोन-अडीचशे वर्षांत जे शोधलं ते बहुतेक धर्मशिक्षणाच्या विद्यालयांत आणि इंग्रजी पुस्तकांत राहिलं. ते पुस्तक कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, त्याच्या प्रती एकमेकींशी कुठे जुळत नाहीत, हे विचारणारा माणूस आपल्याकडे आहे. तो कुठे शाळेत शिकवतो, कुठे दवाखान्यात नोकरी करतो, कुठे ऊस लावतो. तो ख्रिस्ती असेल, नसेलही. त्याला पदवी नको आहे, उत्तर हवं आहे.

मी असाच एक होतो. लहानपणी एका वडीलधाऱ्या गृहस्थांना मी विचारलं होतं, येशूचं चरित्र एकच, मग शुभवर्तमानं चार कशाला? ते म्हणाले, असे प्रश्न मनात येऊ देऊ नयेत. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं. मला उत्तर मिळालं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि ते उत्तर इंग्रजीत होतं. मधली तीस वर्षं मला अजून सलतात.

अभ्यास म्हणजे नेमकं काय, हे एका उदाहरणानं सांगतो. येशूनं पाच हजार लोकांना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे. पाच भाकरी आणि दोन मासे तुम्ही सर्वांनी ऐकलेले आहेत. पण त्या भाकरी जवाच्या होत्या, हे चौघांपैकी फक्त योहान सांगतो. त्यानं ते का सांगितलं असेल? त्या काळी जव हे गरिबाचं धान्य होतं. नव्या करारातल्या प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात महागाईचं वर्णन आहे. तिथे एका दिनाराला, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीला, एक माप गहू मिळतो आणि त्याच पैशात तीन मापं जव. आपल्याकडे नाचणीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. पुढे पाहा. वल्हांडण सण जवळ आला होता, असंही योहान लिहितो. त्या प्रदेशात जव गव्हाच्या आधी, याच सणाच्या सुमारास कापणीला येतो. म्हणजे धान्य आणि ऋतू यांचा मेळ बसतो. आता जुन्या करारात या. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात अलीशा संदेष्ट्याकडे एक माणूस जवाच्या वीस भाकरी घेऊन येतो. समोर शंभर माणसं असतात. एवढ्यानं काय होणार, असं सेवक विचारतो. सगळे जेवतात आणि उरतं. योहानाच्या गोष्टीत येशूचा शिष्य अंद्रिया जवळजवळ तोच प्रश्न विचारतो. ज्या श्रोत्यांना अलीशाची गोष्ट पाठ होती त्यांच्या कानाला ‘जव’ हा एक शब्द पुरेसा होता.

एका विशेषणातून धान्याचा भाव, कापणीचा हंगाम आणि कित्येक शतकांपूर्वीची एक गोष्ट उलगडते. यासाठी वाचकाला ग्रीक यावं लागत नाही. ज्याला येतं त्यानं मात्र खाली टीप लिहायला हवी.

टीप नसली की काय होतं, तेही सांगतो. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटानं सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, ही येशूची उपमा सर्वांना माहीत आहे. तिच्याबद्दल एक स्पष्टीकरण फार ठिकाणी ऐकायला मिळतं: यरुशलेमच्या तटात ‘सुईचं नेढं’ नावाचा एक बुटका दिंडी दरवाजा होता, उंट ओझं उतरवून गुडघ्यावर बसला की त्यातून आत जात असे. ऐकायला छान वाटतं. पण येशूच्या काळात असा दरवाजा होता याचा कसलाही पुरावा नाही. ही कथा कित्येक शतकांनंतरची आहे. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात तर सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. म्हणजे अशक्य गोष्टीसाठी बोलण्याची ती रीतच होती. दिंडी दरवाज्याची गोष्ट सांगून आपण येशूचं ते वाक्य सौम्य करून टाकतो. श्रीमंताला त्यातली धार लागत नाही. जिथे अभ्यास पोचत नाही तिथे अशा सोयीच्या गोष्टी घर करतात.

काही मित्र म्हणतात, सामान्य माणसाला पाठभेद वगैरे सांगितलं तर त्याची श्रद्धा डळमळेल. ही भीती मी मनापासून समजून घेतो, पण मराठी माणसानं ती बाळगू नये, असं माझं मत आहे. आपल्याकडे संत एकनाथ होऊन गेले आहेत. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात चुका शिरल्या, भर पडली. एकनाथांनी प्रती जमवून शके 1506 मध्ये ती शुद्ध केली आणि यापुढे कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. प्रकटीकरणाच्या अगदी शेवटीही या ग्रंथात भर घालू नये, काही काढू नये, अशी ताकीद आहे. दोन्हीकडे ताकीद द्यावी लागली, कारण दोन्हीकडे लोक तसं करत होते. नाथांची ज्ञानेश्वरीवरची भक्ती त्या कामानं उणावली, असं कोण म्हणेल? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पुरं झालं. त्यासाठी 1,259 हस्तलिखितं पाहिली गेली. नव्या कराराची एकट्या ग्रीक भाषेतली हस्तलिखितं पाच हजारांहून अधिक आहेत आणि त्यांची छाननी अशाच शास्त्रानं होते. 1947 च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या गुहांत यशयाची जी गुंडाळी मिळाली, ती तोवर हाती असलेल्या इब्री प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. ज्ञानेश्वरीची, महाभारताची पाठचिकित्सा ज्या समाजानं आदरानं स्वीकारली, त्याला हे सांगायला बिचकायचं कारण नाही.

आणि सांगण्याची रीतही बाहेरून आणावी लागणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट. त्यांनी बायबलची कथा ओवीत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात श्रोते प्रश्न विचारतात आणि पाद्रीगुरू उत्तरं देतात. प्रश्न विचारणारा श्रोता ग्रंथातच बसवलेला आहे, हे मला त्या ग्रंथाचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

कोकणातले बेने इस्रायल ज्यू घ्या. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची घरातली भाषा मराठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपल्या हरिदासांचं कीर्तन पाहिलं आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्यानं त्याच थाटात, पदं गात, निरूपण करत लावली. ज्या मंडळींची इब्रीशी फारशी ओळख उरली नव्हती, त्यांच्यापर्यंत धर्मग्रंथ कीर्तनातून पोचला. भाष्य लिहिण्याची रीतही नवी नाही. बेळगावात 1831 मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी आपण ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीमुळे ओळखतो. त्यांनी नव्या करारावर मराठीत भाष्यही लिहिलं, हे मात्र विसरलो. बेळगाव इथून किती लांब?

पंडिता रमाबाईंबद्दल थोडं थांबून बोलायचं आहे. संस्कृतातल्या पांडित्यासाठी कलकत्त्यात ज्यांचा गौरव झाला, त्या बाईंनी पुढे इब्री आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती सदनात मुळावरून मराठी बायबल करायला घेतलं. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बायांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. ज्यांना संस्कृत सर्वांत चांगलं येत होतं, त्यांनीच ती केली. छापखान्यात खिळे जुळवायला सदनातल्याच मुली-बाया होत्या. दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या त्या मुलींच्या हातून इब्रीवरून झालेलं भाषांतर अक्षर-अक्षर जुळत गेलं. रमाबाई 1922 मध्ये गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. अभ्यासकानं कुणासमोर बसून लिहावं, हे मला त्यांच्याइतकं कुणी शिकवलं नाही.

आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ केलं. त्यात भाषांतराबरोबर प्रस्तावना आणि टिपा आहेत. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 मध्ये ते गेले. त्यांनी एकट्यानं जेवढं केलं त्याच्या पुढचं काम आता पुष्कळांनी मिळून करायचं आहे.

मराठीत लिहिणाऱ्या धर्मपंडितांना माझी विनंती आहे: तुमच्या प्रबंधातलं एक प्रकरण तरी तुमच्या आईला वाचून दाखवता येईल अशा मराठीत लिहा. जिथे विद्वानांत मतभेद आहे तिथे तसं स्पष्ट लिहा. अवघड जागा झाकू नका. मार्काचं शुभवर्तमान सर्वांत जुन्या दोन मोठ्या प्रतींत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं. स्त्रिया रिकाम्या कबरेपासून घाबरून पळतात आणि तिथेच ते संपतं. पुढची बारा वचनं त्या प्रतींत नाहीत. हे वाचकाला आपल्याकडून, आपुलकीनं कळू द्या. एरवी ते कुणाकडून तरी तुच्छतेनं कळेल.

आणि गडहिंग्लजकरांनो, तुम्हाला एक मागणं आहे. मार्काचं शुभवर्तमान चौघांत सर्वांत लहान आहे, त्याचे सोळाच अध्याय आहेत. महिन्याला एक अध्याय घ्या. चर्चमध्ये, वाचनालयात, कुणाच्या पडवीत, कुठेही बसा. दोन-तीन वेगवेगळी मराठी भाषांतरं समोर ठेवा आणि जिथे शब्द जुळणार नाहीत तिथे थांबा. कानडी जाणणाऱ्यांनी कानडी बायबल आणावं. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याला आवर्जून बोलवा, कारण आपल्याला सवयीनं न दिसणारं त्याला दिसेल. पहिल्या बैठकीला मला बोलावलंत तर मी पदरच्या खर्चानं येईन आणि मागच्या रांगेत बसेन.