मतपेटी दारात येते, मग मदतनीस का येत नाही?



अध्यक्षाने सुरुवातीला आभार मानायचे, असा रिवाज आहे. मी एकाच गोष्टीचे आभार मानते. या व्यासपीठाला तुम्ही लाकडी उतार बांधलात, त्यामुळे मी माझ्या चाकाच्या खुर्चीतून, कुणी उचलून न घेता, वर येऊ शकले. मांडववाल्याच्या दोन माणसांचं हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. समोर बसलेल्या लोकप्रतिनिधींनी ते लक्षात ठेवावं, कारण आता मी त्यांच्याशी भांडणार आहे. आणि त्यांच्याआधी तुमच्याशी.

सकाळच्या कविसंमेलनात वृद्ध आईवडिलांवरच्या कविता झाल्या. कृतघ्न मुलगा, उंबऱ्यात वाट पाहणारी आई, वृद्धाश्रमाची पायरी. मांडवभर लोक डोळे पुसत होते. त्या अश्रूंबद्दल माझी तक्रार आहे. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं, तेव्हापासून आपण अप्पासाहेब बेलवलकरांसाठी रडतो आहोत. शिरवाडकरांनी शोकांतिका लिहिली, महापालिकेचा अर्थसंकल्प लिहिणं त्यांचं काम नव्हतं. पण आपण नाट्यगृहातून घरी काय घेऊन आलो? ‘जिवंतपणी इस्टेट मुलांच्या नावावर करू नये.’ पन्नास वर्षांहून अधिक काळ एवढाच धडा. त्या माणसाच्या गल्लीत, त्याच्या वॉर्डात, त्याला हात देणारं दुसरं कुणी का नव्हतं, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

मुलगा वाईट निघाला म्हणून म्हातारपण वाईट गेलं, ही गोष्ट आपण इतक्या वेळा सांगितली की मुलगा चांगला निघाला म्हणजे सगळं निभावतं, असं आपल्याला वाटू लागलं. तसं होत नाही. चांगला मुलगा चाकणच्या कारखान्यात बारा तास असतो. चांगली मुलगी नाशिकला तिच्या सासूचं अंग पुसत असते. चांगली सून नोकरी सोडून घरी बसते आणि कंबरेचं कायमचं दुखणं घेऊन साठी गाठते. अर्धांगाने एक बाजू गेलेल्या, ऐंशी किलो वजनाच्या माणसाला पलंगावरून कमोडवर न्यायला प्रेम पुरत नाही, त्याला शिकलेले हात लागतात. आणि ज्यांना मुलंच नाहीत, ज्यांचं लग्न झालं नाही, ज्यांचं लग्न कुणी होऊ दिलं नाही, त्यांचं तर या कवितांमध्ये नावही नसतं. मी त्यांच्यापैकी आहे. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले, शिक्षिकेची नोकरी पूर्ण केली, आई गेल्यानंतर एकटी राहते. सकाळ-संध्याकाळ एक मावशी येतात. त्या येतात म्हणून मी किती वाजता उठायचं, काय खायचं, कुठल्या सभेला जायचं हे माझं मी ठरवते. त्यांचा पगार मी माझ्या पेन्शनमधून देते. माझ्याच गल्लीत माझ्यासारखीच एक बाई आहे, तिला पेन्शन नाही. तिची आंघोळ तिची वहिनी मोकळी झाल्यावर होते, म्हणजे कधी दुपारी, कधी दुसऱ्या दिवशी. आम्हा दोघींच्या अपंगत्वात काडीचा फरक नाही. फरक आहे तो फक्त माझ्या बँक खात्याचा. हा फरक दैवाने केलेला नाही, राज्यकारभाराने केला आहे, म्हणून तो बदलता येतो.

आता लोकप्रतिनिधींकडे वळते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदान करायची सोय झाली. बारा-ड नंबरचा अर्ज आधी भरून घेतला. ठरलेल्या दिवशी निवडणूक कर्मचारी आले, पोलीस आला, कॅमेरावाला आला. खाटेशेजारी आडोसा उभा केला, मत गुप्त राहील याची काळजी घेतली, चिठ्ठी पेटीत घातली. फार चांगलं काम झालं, मी त्याचं मनापासून कौतुक करते. पण त्या दिवशी एक गोष्ट सिद्ध झाली. या राज्यातला अंथरुणाला खिळलेला प्रत्येक माणूस कुठे राहतो, कितव्या मजल्यावर राहतो, हे शासनाला शोधता येतं, आणि त्याच्या खाटेपर्यंत माणसं पाठवता येतात. मग पाच वर्षांतल्या बाकीच्या दिवसांचं काय? मताला जे पथक येतं, ते जखम धुवायला, औषधाचा डबा भरायला, आठवड्यातून तीनदा आंघोळ घालायला का येत नाही?

दर वर्षी हयातीच्या दाखल्याच्या वेळी तर हे चक्र उलटं फिरतं. तेव्हा खाटेवरचा माणूस रिक्षात घालून कार्यालयात न्यायचा, जिना असेल तर उचलायचा, आणि झिजलेल्या बोटांचा ठसा उमटत नाही म्हणून परत आणायचा. कशासाठी? साठ ते एकोणऐंशी वयाच्या निराधार वृद्धाच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा आहे महिना २०० रुपये, आणि तो गेली पंधरा वर्षांहून अधिक काळ तिथेच गोठला आहे. राज्याची भर घालून श्रावणबाळ योजनेत वृद्धाच्या हातात पडतात १,५०० रुपये. तेही कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर. दिव्यांगांची रक्कम अलीकडे २,५०० केली, ते बरं केलं. पण ब्युरोकडून आयाबाई लावायची तर या पैशांत आठवडासुद्धा निघत नाही. रोख रक्कम हवीच, मी तिच्या विरोधात नाही. पण जी सेवा गावात अस्तित्वातच नाही, ती कितीही रोख दिली तरी विकत घेता येत नाही.

कायदा काय म्हणतो ते ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कलम ५. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. तिने अमुकच ठिकाणी, अमुकच पद्धतीने राहावं अशी सक्ती नको. तिला घरी आणि वस्तीत मिळणाऱ्या आधारसेवा मिळाव्यात, त्यात वैयक्तिक मदतनीसही यावा. हे सगळं आपल्या संसदेने लिहिलं आहे. मात्र सेवांच्या बाबतीत सरकारने ‘प्रयत्न करावा’ असं म्हणून सुटकेची खिडकी उघडी ठेवली. त्याच कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे, ज्याला जास्त आधाराची गरज आहे त्या दिव्यांगाला तसा अर्ज करता येतो. या मांडवात शेकडो लोक बसले आहेत. कलम ३८ खाली अर्ज केलेल्यांनी हात वर करा.

एकही हात नाही. म्हणजे कायद्याचं पुस्तक आपल्या तालुक्यात अजून पोचलेलं नाही.

ज्येष्ठांसाठीचा २००७ चा कायदा तर वेगळ्याच वाटेने गेला. मुलांवर पोटगीचा दावा लावा, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावेल असा वृद्धाश्रम काढा. एक तर मुलाला न्यायाधिकरणात खेचा, नाहीतर घर सोडा. आपल्या घरात, आपल्या भांड्याकुंड्यांत, आपल्या शेजाऱ्यांमध्ये राहून मदत मिळण्याचा तिसरा मार्ग त्यात जवळपास नाहीच. २०१९ मध्ये घरपोच सेवेची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं. ते मंजूर झालं नाही, आणि ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. त्यासाठी किती मोर्चे निघाले? आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी किती पत्रं लिहिली? संघाच्या बंधूंनो, रागावू नका, पण आपल्या सहली होतात, वाढदिवस होतात, हास्यक्लब चालतात. आणि ज्या सभासदाला संघाचा जिना चढवत नाही, त्याचं नाव हजेरीपटावरून हळूच गळतं. जो चालू शकतो त्याचाच संघ, असं झालं आहे. त्या गळालेल्या नावांची यादी काढा. उद्याच्या कामाची पहिली यादी तीच आहे.

पैसा नाही, असं मला कुणी सांगू नये. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा शासनाचा आदेश आहे. गावोगावच्या दिव्यांगांना ‘पाच टक्के निधी’ हे शब्द तोंडपाठ आहेत, कारण तो मिळवण्यासाठी त्यांना ग्रामसेवकाच्या टेबलापुढे दर वर्षी उभं राहावं लागतं. आणि खर्च कसा होतो? मार्च उजाडला की घाई. कुठे रोख वाटप, कुठे भांडी, कुठे एकाच मापाच्या खुर्च्या. माझ्या खुर्चीची रुंदी माझ्या कंबरेवर ठरते, दहा वर्षांच्या मुलाची त्याच्या. चुकीच्या मापाच्या खुर्चीने पाठीला जखमा होतात आणि त्या जखमा माणूस मारतात. वाटप झालं, फोटो झाला, आणि पहिलं चाक निखळलं की ती खुर्ची गोठ्यात जाते, कारण दुरुस्त करणारा तालुक्यात कुणी नाही. याच पाच टक्क्यांतून चार-पाच गावांनी मिळून दोन मदतनीस आणि एक दुरुस्ती करणारा कारागीर बारमाही का ठेवू नयेत? न्हाणीघरात भिंतीला एक मजबूत दांडा बसवला तर किती खुब्याची हाडं वाचतील, हे कुठल्याही हाडाच्या डॉक्टरला विचारा.

हे स्वप्नरंजन नाही. १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचं छोटं काम सुरू केलं. पुढे मलप्पुरमच्या बाजूला शेजारपाजारची साधी माणसं त्यात उतरली, आठवड्यातले काही तास देऊ लागली, आणि २००८ साली केरळ सरकारने त्याचं धोरण केलं. पंचायतींनी नर्स नेमल्या. ती नर्स घरी येते, कॅथेटर बदलते, अंथरुणातल्या जखमा बघते, घरच्यांना कूस कशी बदलावी ते शिकवते. हा परदेश नाही. आपल्यासारखाच पंचायत कायदा, आपल्यासारखीच परदेशी गेलेली मुलं. जपानने २००० साली चाळिशीवरच्या प्रत्येकाकडून हप्ता घेऊन घरपोच सेवेचा विमाच उभा केला, पण तेवढ्या लांब जायची आपल्याला गरज नाही. आधी केरळपर्यंत तर पोचू.

आणि कोल्हापूर तर आपलंच आहे. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन इथल्या प्रत्येक कवीने वाचावं, म्हणजे अपंगाबद्दल लिहिताना दया कुठे थांबवायची ते कळेल. पण प्रत्येक तालुक्याने आपली नसीमादीदी जन्माला येण्याची वाट बघत बसायचं का? रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांसाठी आपण कुणा संतमाणसाची वाट बघत नाही.

एक आक्षेप मला पाठ आहे. ‘आपली कुटुंबसंस्था मजबूत आहे, ही पाश्चात्त्य थेरं आपल्याला कशाला?’ असं म्हणणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांच्या घरात हे काम दुसरंच कुणीतरी करत असतं. तिला पगार नाही, सुट्टी नाही. महिन्यातून दोन दिवस तिच्या जागी कुणी आलं तर ती माहेरी जाईल, स्वतःच्या दुखण्याची तपासणी करून घेईल. बाहेरची मदत आली की कुटुंब तुटतं, असं मी कुठेच पाहिलेलं नाही. दमलेली माणसं एकमेकांवर ओरडतात, आणि घर तिथे तुटतं. मतिमंद किंवा बहुविकलांग मुलांच्या आईबापांना विचारा. मुलगा चाळिशीचा, आई सत्तरीची, तीच त्याला भरवते. ‘माझ्यामागे याचं कसं होणार?’ हा प्रश्न ती वीस वर्षं विचारते आहे. आपण तिला संस्कृती सांगतो, उत्तर देत नाही. काही आया मुलाच्या आधी मरायला घाबरतात. ज्या समाजात आईला मुलाआधी मरायची भीती वाटते, त्याने कुटुंबसंस्थेच्या मजबुतीचा अभिमान मिरवू नये.

राहता राहिल्या या सेवा देणाऱ्या मावश्या. आशाताईंवरच हेही काम लादू, अशी एक सोपी कल्पना बैठकांत नेहमी पुढे येते. मी तिला कडाडून विरोध करीन. त्यांच्या डोक्यावरचं ओझं आधीच फार आहे आणि मोबदला तुटपुंजा. मला हव्यात त्या प्रशिक्षण घेतलेल्या, किमान वेतन, आठवड्याची सुट्टी आणि म्हातारपणी स्वतःची पेन्शन असलेल्या मदतनीस. आज बारा तासांच्या ड्युटीतल्या आयाबाईला ब्युरोचं कमिशन कापून जे मिळतं, त्यात तिचं स्वतःचं म्हातारपण कसं निघणार? दुसऱ्याचं म्हातारपण सांभाळणारी बाई स्वतः निराधार योजनेच्या रांगेत उभी राहणार असेल, तर ही सेवा मला मान्य नाही.

एसटीच्या फुकट प्रवासाचं एवढंच सांगते. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, चांगलं आहे. पण बसची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीची आहे तोवर त्या सवलतीचा लाभ पाय धड असणाऱ्यालाच.

आता ठराव. भाषण करून हार घेऊन मी घरी जाणार नाही.

हा मेळावा मागणी करतो की तालुक्यातल्या प्रत्येक प्रभागात आणि ग्रामपंचायतींच्या प्रत्येक गटात एक घरपोच आधार केंद्र येत्या आर्थिक वर्षात सुरू व्हावं. त्यात पूर्ण पगारी मदतनीस असावेत, साधनं दुरुस्त करणारा कारागीर असावा, आणि एकच फोन नंबर असावा. पाच टक्के निधीचा किमान निम्मा भाग यासाठी राखून ठेवावा. घरून मतदान केलेल्या प्रत्येक मतदाराकडे केंद्राच्या माणसाने पहिल्या तीन महिन्यांत जाऊन, त्याला विचारून, त्याच्या गरजा लिहून घ्याव्यात. हयातीचा दाखला घरी येऊन द्यावा. केंद्राच्या देखरेख समितीत निम्मे सदस्य सेवा घेणारे वृद्ध आणि दिव्यांग असावेत, आणि समितीची बैठक तळमजल्यावर व्हावी. हा ठराव येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभांत मांडायचा, आणि पालिकेचं अंदाजपत्रक तयार होण्याआधी, म्हणजे डिसेंबरमध्ये, मुख्याधिकाऱ्यांच्या हातात द्यायचा. ज्या गावची ग्रामसभा पहिल्या मजल्यावर भरते तिथे आम्ही सगळे खुर्च्या घेऊन खाली अंगणात बसू आणि ग्रामसभेला खाली बोलावू.

सूचक मी आहे. अनुमोदन कोण देतंय? उभं राहता येत नसेल तर बसून हात वर करा, हात उचलत नसेल तर नाव सांगा. चिटणीस, नावं लिहून घ्या.